सोळा जागा आणि हरणांचा सोमवार

मेल्बा स्टॉलनेकरने आमच्या स्टोनी रन कम्युनिटी कॉलेजची जेवढी झडती घेतली, तेवढी मान्यता तपासायला बाहेरून येणाऱ्या साहेबलोकांनीही कधी घेतली नसेल. ते बिचारे दोन दिवस येतात, कॉफी पितात, दाखवतील त्या खोल्या बघतात आणि शेरा मारून जातात. मेल्बाने पाच वर्षं घेतली. आणि एवढं करून तिच्या हातात काय पडलं हे आठवलं की आमच्या खोऱ्यातल्या कोणाचंही डोकं आजही तापतं.

बाई एकावन्न वर्षांची. सव्वीस वर्षं एकाच वृद्धाश्रमात मदतनीस. म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, पुसायचं, चादरी बदलायच्या, रडणाऱ्याला गप्प करायचं आणि गप्प बसलेल्याला बोलतं करायचं. नर्स म्हणून येणाऱ्या पोरी तिच्या निम्म्या वयाच्या. त्या दारातून डोकं काढून विचारायच्या, "मेल्बा, या आजोबांची शीर कुठल्या हाताला सापडते गं?" मेल्बा सांगायची, डाव्या, कोपराच्या जरा खाली. मग ती पोरगी सुई टोचायची, वहीत सही करायची आणि निघून जायची. मेल्बा कापसाचा बोळा उचलायची. सुईला हात लावायची तिला परवानगी नव्हती, कारण तिच्याकडे कागद नव्हता. गुडघे पुरते जायच्या आत आपण नर्स व्हायचं, एवढी एकच गोष्ट तिला आयुष्याकडून हवी होती.

मग इतकी वर्षं गेली का नाही कॉलेजात, असं कोणीही विचारेल. त्याला कारण तिचा भाऊ डेंझिल. डेंझिल तरुणपणी वेल्डिंग शिकायला शहरातल्या एका खाजगी संस्थेत गेला होता. गुळगुळीत माहितीपत्रक, टीव्हीवर जाहिरात, दारात झेंडे. आठ महिन्यांनी एका सकाळी दाराला कुलूप आणि आत चिटपाखरू नाही. तिथे शिकलेलं दुसरीकडे कोणी धरेना. डेंझिलने तिथली प्रमाणपत्रं चुलीत घातली आणि कोळशाच्या खाणीत गेला. त्या दिवसापासून मेल्बाचा कुठल्याही शाळेच्या पत्रकावर विश्वास उरला नाही.

म्हणून तिने आपल्या पद्धतीने चौकशी सुरू केली. प्रवेश कोणाला मिळतो, शेवटी खरा खर्च किती येतो, आणि आत शिकवतात का नुसतं बसवून ठेवतात, हे तीन प्रश्न. कॉलेजच्या ऑफिसात ती तीन वेळा तीन निरनिराळ्या नावांनी फोन करायची आणि तिन्ही उत्तरं जुळतात का बघायची. पहिल्या वर्षी जुळली नाहीत. तिसऱ्यांदा आवाज बारीक करून बोलत होती तेव्हा ऑफिसातली ट्रिना म्हणाली, "मेल्बा, तूच आहेस हे मला कळतंय. तुझ्या मागे तुझा कुत्रा भुंकतोय." तरी मेल्बाने फोन ठेवला नाही, राहिलेला प्रश्न विचारूनच घेतला.

फीबद्दल तर ती हात धुऊन मागे लागली. पत्रकात एक आकडा आणि खाली बारीक अक्षरात "इतर खर्च वेगळा". इतर म्हणजे काय, तर गणवेश, बूट, छातीचे ठोके ऐकायचं यंत्र, लसी, पोलीस पडताळणी, परीक्षेचा अर्ज. अहो, मग ते आधीच लिहायला काय होतं? मेल्बाने हे थेट प्राचार्यांना विचारलं आणि पुढच्या वर्षीच्या पत्रकात ती यादी छापून आली. त्याचं श्रेय तिला कोणी दिलं नाही हे वेगळं सांगायला नको.

आणि शिक्षणाचा दर्जा? तो ती गाड्या मोजून काढायची. सत्राच्या पहिल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी कामावर जाताना कॉलेजच्या आवारातल्या गाड्या मोजायच्या, आणि दहाव्या आठवड्यात मंगळवारीच पुन्हा मोजायच्या. जेवढ्या कमी झाल्या तेवढी पोरं सोडून गेली. वरून इस्पितळातल्या मुख्य नर्सला गाठून विचारायचं, की बाई, खरं सांगा, कुठल्या कॉलेजच्या पोरीला पहिल्या दिवशी वॉर्डात एकटं सोडायला तुम्ही धजाल. मुख्य नर्स म्हणाली, स्टोनी रनच्या. का, तर तिथे वॉर्डात दर आठ विद्यार्थ्यांमागे एक शिक्षिका असते, आठाचे नऊ होऊ देत नाहीत. दुसऱ्या एका कॉलेजात वीस पोरी एकीच्या मागे मेंढरांसारख्या फिरतात. हे ऐकल्यावर मात्र मेल्बाचं मन बसलं.

मग अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आपलं नेहमीचं घेवड्याचं कालवण आणि मक्याचा पाव असं सामुदायिक जेवण असलं, की लोक ताट घेऊन मेल्बाच्या टेबलाशी यायचे. माझ्या पोरीला तिथे घालू का? गणित कोणाकडे घ्यावं? मेल्बा घास गिळायची आणि सांगायची. गणित सोमवारचं घेऊ नका, तो मास्तर सोमवारी अर्धा झोपेत असतो. नर्सिंगला सोळा जागा, दोन शिक्षिका, आठाला एक, डोळे मिटून जा. तिने वाट दाखवलेल्या अकरा पोरी नर्स झाल्या. त्यांतल्या दोघी तिच्याच वृद्धाश्रमात येऊन तिला शीर कुठे आहे ते विचारू लागल्या.

आता सांगा, काय म्हणायचं या बाईला? जगाला सांगते डोळे मिटून जा आणि स्वतः उघड्या डोळ्यांनी दारात उभी. आधी तीन तुकड्यांचा निकाल बघू म्हणाली. मग आईचं दुखणं निघालं. मध्ये एकेक विषय घेऊन ठेवला, कारण नर्सिंगच्या आधी काही विषय पास व्हावेच लागतात. शरीरशास्त्र तिने मन लावून केलं आणि वर्गात पहिली आली. पण त्याला एक नियम होता. नर्सिंगचा वर्ग सुरू होताना शरीरशास्त्र पास होऊन पाच वर्षांच्या वर झाली असतील, तर ते धरत नाहीत, पुन्हा करायचं. मेल्बाची पाच वर्षं येत्या मे महिन्यात संपत होती. वर्ग वर्षातून एकदाच, जानेवारीत निघतो. म्हणजे हाच जानेवारी तिचा शेवटचा. तिने अर्ज भरला आणि ऑक्टोबरच्या शेवटी गुणवत्ता यादी लागली. सोळांत मेल्बा चौदावी होती.

प्रतीक्षा यादीत पहिलं नाव होतं इरायदाचं. इरायदा मेल्बाच्याच पाळीत काम करायची. नवरा इकडच्या कोंबड्यांच्या कारखान्यात लागला म्हणून दोन वर्षांपूर्वी पोर्तो रिको बेटावरून आलेली, चौतिसाची, दोन लेकरांची आई. जड पेशंटला उचलायला दोघी लागतात, एक या बाजूला, एक त्या बाजूला. मेल्बाच्या समोरच्या बाजूला कायम इरायदा. कॉलेजचा अर्ज तिला मेल्बानेच भरायला लावला होता, गणित सोमवारचं घेऊ नको हेही सांगितलं होतं. यादी लागली त्या दिवशी इरायदाने तिला मिठी मारली आणि म्हणाली, "तू पुढे जा, मी पुढच्या वर्षी येतेच मागून."

यादीनंतर आलं पत्र. जागा पक्की करायला स्वतः यावं, सगळे कागद आणावे, सही करावी. मुदत एकोणीस नोव्हेंबर, दुपारी बारापर्यंत. मेल्बाने पत्र चार वेळा वाचलं. कागद गोळा करायला लागली. सगळे झाले, बोटांच्या ठशांचा तेवढा राहिला. तो राज्याच्या कचेरीतून टपालाने यायचा होता आणि आला कधी, तर सतरा तारखेला, शनिवारी दुपारी. राहिला एकच दिवस, सोमवार एकोणीस.

आणि तो सोमवार म्हणजे हरणांचा सोमवार. आमच्याकडे थँक्सगिव्हिंगचा सण गुरुवारी, त्याच्या आधीच्या सोमवारी नर हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद, कोर्ट बंद, दंतवैद्य बंद. न्यायाधीश मचाणावर आणि आरोपीही मचाणावर. कर भरायची तारीख त्या दिवशी आली तर आपोआप पुढच्या सोमवारी जाते, कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. कॉलेजही आजवर तो अख्खा आठवडा बंद असायचं. पत्र लिहिणाऱ्याने आकडा टाकताना कॅलेंडर बघितलं नसणार, एवढाच त्याचा अर्थ मेल्बाने काढला. आमच्यातल्या कोणीही तोच काढला असता. तरी ती मेल्बाच. शनिवारी फोन लावला. यंत्रातून आवाज आला, ऑफिस आज बंद आहे. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर इरायदाने विचारलं, की सोमवारी कॉलेज उघडं असेल का, कारण प्रतीक्षा यादीतल्यांनाही बारा वाजता बोलावलंय. मेल्बा हसली. म्हणाली, "अगं उद्या या खोऱ्यात देवळाचं दारसुद्धा उघडणार नाही. उगाच पेट्रोल जाळू नको."

सोमवारी पहाटे ती नारिंगी जाकीट घालून डेंझिलबरोबर डोंगरात गेली. फोन बंद करून खिशात. नीट नेम धरणारी बाई आहे ती, वडिलांनी शिकवलेलं. अकरा चाळीसला ओढ्याकाठी एक नर आला, आठ टोकांच्या शिंगांचा. एका गोळीत पडला. डेंझिल म्हणाला, "बये, यंदा तुझं नशीब फळफळलंय." मेल्बालाही तसंच वाटलं. हरीण सोलून, मांसाच्या पिशव्या बांधून घरी यायला चार वाजले. फोन चालू करून बघितला तर इरायदाचे चार कॉल. पाळी बदलून हवी असेल, असं समजून तिने परत फोन केला नाही.

मंगळवारी सकाळी वृद्धाश्रमात मधल्या टेबलावर केक होता. इरायदाला नर्सिंगला जागा मिळाली म्हणून पोरींनी आणलेला. काल एक जण सही करायला आलाच नाही म्हणे. मेल्बा केककडे बघत उभी राहिली. हातातली चादरींची चळत तिने खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. इरायदा तिच्याकडे यायला निघाली तशी मेल्बा वळून आवारात गेली आणि तिथून तशीच थेट कॉलेजात.

कॉलेज उघडं होतं. कालही होतं. ऑगस्टमध्ये फिनिक्सहून नव्या डीनबाई आल्या होत्या, डॉ. वेदरली. त्यांनी आठवड्याची सुट्टी काढून टाकून फक्त गुरुवार-शुक्रवार ठेवली होती, आणि ते कॉलेजच्या संकेतस्थळावर टाकलं होतं. संकेतस्थळावर! आमच्या खोऱ्यात अर्ध्या घरांत इंटरनेट पाऊस पडला की जातं. ट्रिना काउंटरमागे मान खाली घालून बसली होती. ती एवढंच म्हणाली, की मेल्बा, मी बोलले होते त्यांना, त्या म्हणाल्या मुदत म्हणजे मुदत. मग हळूच तक्रारीचा अर्ज सरकवला. मेल्बाने तो तिथेच उभ्याने भरला, इतका दाबून की खालच्या कागदावर अक्षरं उमटली.

पुढचे तीन आठवडे तिने इरायदाचं तोंड बघितलं नाही म्हणजे बघितलं नाही. पाळी बदलून घेतली. माझ्याच तोंडून ऐकलं ऑफिस बंद आहे, तरी गेली. मीच अर्ज भरायला लावला, मीच अभ्यास घेतला, आणि माझ्याच पाटावर येऊन बसली. आणि वर चार फोन, कशाला, तर मला खिजवायला. हे ती डेंझिलला रोज ऐकवायची. डेंझिल हरणाच्या मांसाची पट्टी चघळत ऐकायचा. एकदा म्हणाला, की तिला काय ठाऊक हरणांचा सोमवार, ती बेटावरची. मेल्बाने त्याच्या पुढची बशी उचलून नेली.

सुनावणी डिसेंबरच्या मध्यावर झाली. टेबलामागे तिघं, डॉ. वेदरली, गणिताचे मास्तर आणि गावातला एक सभासद, गुरांच्या खाद्याचं दुकान चालवणारे हार्लो टेनंट. ट्रिना कोपऱ्यात टिपणं घ्यायला. मेल्बाने सांगायला सुरुवात केली आणि हार्लोने मध्येच विचारलं, किती टोकांचा होता? आठ, मेल्बा म्हणाली. हार्लोने आदराने मान हलवली. डीनबाई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिल्या. गणिताच्या मास्तरांनी घसा साफ करून कबूल केलं, की त्या दिवशी तेही मचाणावर होते. त्यांनी रजाच टाकली होती.

डीनबाई वाईट नव्हत्या. त्यांनी फाइल नीट वाचली होती. सुट्टी बदलल्याचं पत्र अर्जदारांना टपालाने जायला हवं होतं, गेलं नाही, ही चूक कॉलेजची आहे, असं त्या सरळ म्हणाल्या. मेल्बाचा श्वास मोकळा झाला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कोणीतरी तुझं बरोबर आहे असं म्हणालं होतं. पाठोपाठ डीनबाई म्हणाल्या, "तुमचा क्रमांक वरचा आहे. तुम्हाला हवी असेल तर जागा परत देता येईल. ज्यांना ती दिली आहे त्यांच्याकडून मात्र काढून घ्यावी लागेल. वर्ग सात जानेवारीला सुरू होतोय, त्यामुळे हो की नाही ते मला आजच हवं."

मेल्बाला वाटलं होतं भांडण कॉलेजशी आहे. तिने विचारलं, सोळाच्या सतरा करा की. चूक तुमची, एक खुर्ची जादा टाकायला काय जातं? डीनबाईंनी मान हलवली. दोन शिक्षिका आहेत, दर आठांमागे एक. सतरावी घेतली तर वॉर्डात एकीकडे नऊ होतात. पाच वर्षं हीच गोष्ट तिने जेवणाच्या पंगतीत लोकांना छाती ठोकून सांगितली होती, याच एका गोष्टीसाठी हे कॉलेज तिने पास केलं होतं. आता त्याविरुद्ध कुठल्या तोंडाने बोलणार? तिसरी शिक्षिका नेमा, ती कशीबशी म्हणाली. दोन वर्षं जाहिरात देतोय, डीनबाई म्हणाल्या, या पगारात कोणी या डोंगरात यायला तयार नाही. मेल्बाला इतका संताप आला, की तिला रडू येईल असं वाटलं, आणि तो संताप टाकायला समोर एकही दोषी माणूस नव्हता. सगळे बरोबर होते आणि ती बाहेर होती.

तिच्या जिभेवर हो आलं होतं. यादीत वर ती होती, जागा तिची होती, गुडघे तिचे गेले होते.

तेवढ्यात डीनबाईंनी, नोंद पूर्ण असावी म्हणून, ट्रिनाला त्या दिवसाची टिपणं वाचायला सांगितली. ट्रिनाने चष्मा लावला आणि सरळ आवाजात वाचलं. "अकरा वीस, प्रतीक्षा यादीतली उमेदवार हजर. वरच्या उमेदवाराला स्वतःच्या फोनवरून चार वेळा फोन केले, लागले नाहीत. वरच्या उमेदवाराच्या वतीने सही करू देण्याची विनंती केली, नाकारली. बारा वाजता आणखी दहा मिनिटं थांबण्याची विनंती केली, मान्य केली. बारा दहाला पुन्हा विनंती केली, नाकारली. बारा बाराला सही केली. सही करताना उमेदवार रडत होती."

मेल्बाने हातातला रुमाल उलगडला आणि पुन्हा घडी घातली. ते चार फोन तिने ज्या अर्थाने घेतले होते, त्याची तिला लाज वाटली. आणि लाज वाटली म्हणून राग गेला असं मुळीच झालं नाही, दोन्ही एकाच वेळी आले. "राहू द्या," ती म्हणाली. "काढू नका तिच्याकडून."

डीनबाईंनी नक्की का म्हणून दोनदा विचारलं. मेल्बा म्हणाली नक्की, पण एक लिहून द्या, पुढच्या वर्षीपासून त्या सोमवारी कुठलीही मुदत ठेवणार नाही. डीनबाई म्हणाल्या, समितीपुढे ठेवू, विचार करू. विचार करू! खोऱ्यातलं शेंबडं पोर जे जाणतं त्यावर यांची समिती विचार करणार. मेल्बाने जाकीट उचललं आणि दार ओढून घेतलं, जरा जोरातच.

इरायदाला सुनावणीचं कोणाकडून तरी कळलंच. दुसऱ्या दिवशी ती मेल्बाला कपडे धुण्याच्या खोलीत गाठायला आली. डोळे सुजलेले. दाराला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "जागा तुझी आहे. मी आज जाऊन सोडते. सोडू ना?"

मेल्बा गरम टॉवेलांच्या घड्या घालत होती, ती थांबली नाही.

"सोडलीस तर तुझ्याशी जन्मात बोलणार नाही," ती म्हणाली. "आणि ठेवलीस तर सहा महिने बोलणार नाही. काय ते ठरव."

"सहा महिने का?"

"कारण मला राग आलाय आणि तो ठेवायला दुसरी जागा नाही. त्या कॉलेजवर ठेवला तर ते विचार करू म्हणतात."

इरायदाने जागा ठेवली, आणि मेल्बाने शब्द पाळला. इरायदा जानेवारीपासून दिवसा कॉलेज आणि शनिवार-रविवार कामावर. त्या दोन दिवसांत दोघी समोरासमोर यायच्याच, कारण जड म्हातारे काही यांच्या भांडणासाठी हलके होणार नव्हते. चादरीची दोन टोकं एकीच्या हातात, दोन दुसरीच्या. मेल्बा म्हणायची, एक, दोन, तीन. पेशंट उचलला जायचा. त्यापलीकडे अक्षर नाही. इरायदा सुरुवातीला बोलू बघायची, वर्गात आज हे झालं, ते झालं. मग तीही गप्प झाली. म्हातारे कंटाळून विचारायचे, तुमच्या दोघींचं काय बिनसलंय? मेल्बा त्यांची उशी सारखी करायची. फेब्रुवारी गेला, मार्च गेला. एप्रिलमध्ये चर्चमध्ये रानकांद्याचं जेवण झालं, तेव्हा लोकांनी नेहमीसारखं येऊन कॉलेजचं विचारलं. मेल्बा म्हणाली, चांगलं आहे कॉलेज, पण पत्रात तारीख आली की त्यांना फोन करून वार विचारा. आणि ताट उचलून दुसऱ्या टेबलावर गेली.

मेच्या अखेरीस कॉलेजचं पत्र आलं. तुमच्या शरीरशास्त्राला पाच वर्षं पूर्ण झाली आहेत, येत्या प्रवेशासाठी ते धरलं जाणार नाही. पत्रात सगळं अगदी बरोबर लिहिलेलं. मेल्बाने ते दोन दिवस जाकिटाच्या खिशात घालून फिरवलं. डेंझिल म्हणाला, सोड आता, बस झालं, खूप केलंस. तिसऱ्या दिवशी तिने जाऊन उन्हाळी सत्रात शरीरशास्त्राला नाव घातलं, दुसऱ्यांदा, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. जुन्या बाई निवृत्त झाल्या होत्या. नवीन मास्तर, नवीन पुस्तक, मास्तर म्हणे झरझर सांगतात आणि परीक्षेत पुस्तकातलं एक अक्षर विचारत नाहीत, वर्गात बोललेलंच विचारतात. इरायदा त्याच मास्तरांच्या हाताखाली पास झाली होती.

जूनच्या तिसऱ्या रविवारी दोघी एका म्हाताऱ्या खाणकामगाराला कुशीवर वळवत होत्या. मेल्बा म्हणाली एक, दोन, तीन. वळवून झालं. इरायदा चादर खोचायला वाकली.

"तुझी शरीरशास्त्राची वही आहे का अजून?" मेल्बा म्हणाली.

इरायदा वाकलेली तशीच राहिली. मग तिने चादरीचं टोक सोडलं, पुन्हा धरलं, नीट खोचलं. "आहे," ती म्हणाली. "गाडीतच आहे."

जेवणाच्या सुट्टीत तिने वही आणली. जाडजूड, कडा मळलेल्या, आत लाल-निळ्या शाईत आकृत्या. मेल्बाने चष्मा लावला, पहिलं पान उघडलं, दुसरं उघडलं, मग मधलंच एक, मग शेवटचं. आकृत्या तेवढ्या कळत होत्या. बाकी वही पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत स्पॅनिशमध्ये होती.

"हे काय गं?"

"तो फार भरभर बोलतो. मला माझ्या भाषेतच लिहिता यायचं." इरायदाचा चेहरा पडला. मग ती खुर्ची ओढून शेजारी बसली. "मी वाचून सांगते. शनिवारी आणि रविवारी, रोजच्या सुट्टीत थोडं थोडं."

मेल्बाने चष्मा काढून डोळे चोळले. पाच वर्षं त्या कॉलेजचा कानाकोपरा तपासला तिने, आणि आता परभाषेतली वही दुसरीच्या तोंडून ऐकायची पाळी आली होती. तिने वही इरायदाकडे सरकवली.

"हळू वाच," ती म्हणाली. "घाई मला आहे, पण तू हळू वाच."